जपानी तलवारीचा धातुसाज

जपानी तलवारीचे पाते, मूठ आणि म्यान यांना एकमेकांशी घट्ट जोडणाऱ्या व शोभा आणणाऱ्या धातूच्या सुट्या भागांना धातुसाज म्हणता येईल. जपानी भाषेत या भागांना एकत्रितपणे 'तोसोगु' असे म्हणतात. मूठ, म्यान आणि धातुसाज मिळून तलवारीचा जो संपूर्ण पेहराव होतो, त्यास 'कोशिराए' ही संज्ञा आहे. हाबाकी, सेप्पा, त्सुबा, फुची, काशिरा आणि मेनुकी हे या साजातील प्रमुख भाग होत. पाते घडवणारा लोहार आणि साज घडवणारा धातुकारागीर हे जपानी परंपरेत सामान्यतः वेगवेगळे व्यावसायिक असतात. पात्याला धार व झिलई देणे, म्यान करणे आणि मूठ गुंडाळणे ही कामेही स्वतंत्र कारागिरांकडे विभागलेली आढळतात.

हा साज ठरावीक मापांत तयार होत नाही. प्रत्येक पात्याची जाडी, रुंदी व निमुळतेपणा निराळा असल्याने साजाचा प्रत्येक भाग त्या त्या पात्यावर बसवून, पुन्हा काढून, कानसून जुळवावा लागतो. या जुळवणीचा एक मूलभूत नियम आहे : नवा भाग जुन्याशी आणि मऊ धातू कठीण धातूशी जुळवायचा असतो. म्हणजेच तांबे पात्याप्रमाणे बदलायचे, पाते तांब्याप्रमाणे नव्हे. हे काम शिकू पाहणाऱ्या नवशिक्याकडून जे नुकसान होते, त्यातील बरेचसे हा नियम मोडल्यामुळे होते आणि ते पुन्हा भरून काढता येत नाही.

भाग व त्यांचे कार्य

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो त्यास 'नाकागो' म्हणतात. पाते आणि नाकागो यांच्या सीमेवर धारेच्या व पाठीच्या बाजूस एकेक खाच असते; या खाचांना 'माची' असे नाव आहे. साजातील सर्व भागांची जागा या दोन खाचांवरून ठरते.

हाबाकी : पात्याच्या बुडाशी बसणारे धातूचे आवरण. ते नाकागोच्या टोकाकडून वर सरकवले जाते आणि माचीपाशी अडते. त्याचा बाह्य आकार पाचरीसारखा किंचित निमुळता असतो. तलवार म्यानात गेल्यावर हाबाकी म्यानाच्या तोंडात घट्ट रुतते आणि उर्वरित पाते म्यानाच्या लाकडाला घासत नाही. तलवार उलटी धरली तरी ती म्यानातून आपोआप घसरू नये, ही जबाबदारीही हाबाकीचीच असते.

सेप्पा : त्सुबाच्या दोन्ही बाजूंस बसणाऱ्या पातळ लंबगोल चकत्या. त्या दिसण्यात साध्या असल्या तरी मुठीतील ढिलेपणा काढण्याचे काम त्यांच्याकडे असते.

त्सुबा : हात पात्यावर घसरू नये व प्रतिस्पर्ध्याच्या वारापासून त्याचे रक्षण व्हावे यासाठीची चकती. मोठ्या तलवारीची त्सुबा साधारणतः ७ ते ८.५ सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्या मध्यभागी नाकागोसाठी पाचरीच्या आकाराचे छिद्र असते. काही त्सुबांना शेजारी आणखी एक किंवा दोन छिद्रे असतात. म्यानाच्या खोबणीत राहणारी लहान सुरी (तिची मूठ म्हणजे 'कोझुका') आणि 'कोगाई' नावाचे सळईसारखे उपकरण यांतून बाहेर काढता येते.

फुची व काशिरा : फुची हे मुठीच्या त्सुबाकडील तोंडावरचे कडे, तर काशिरा ही मुठीच्या शेवटच्या टोकावरची टोपी. हे दोन्ही भाग बहुधा एकाच कारागिराने एकाच विषयावर जोडीने घडवलेले असतात.

मेनुकी : मुठीच्या दोन्ही अंगांस, गुंडाळलेल्या फितीखाली बसवलेल्या लहान उठावदार आकृती.

पात्याकडून मुठीकडे जाताना हाबाकी, सेप्पा, त्सुबा, दुसरी सेप्पा आणि फुचीसह मूठ असा क्रम लागतो. अखेरीस मूठ व नाकागो यांतील समोरासमोरच्या छिद्रांतून बांबूची एक खुंटी ('मेकुगी') ठोकली जाते. संपूर्ण साज माची व ही खुंटी यांच्यामध्ये दाबून धरला जातो. या रांगेतील एखादा भाग पातळ झाला तर मूठ खुळखुळते आणि जाड झाला तर खुंटीची छिद्रे एका रेषेत येत नाहीत. सैल मुठीची तलवार हाताळणे धोक्याचे असल्यामुळे जुळवणीतील अचूकता ही सौंदर्याच्या आधीची गरज ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळातील साध्या लोखंडी त्सुबा पाते घडवणारे लोहार व चिलखते करणारे कारागीर घडवीत असत, असे परंपरेने मानले जाते. पुढे साज घडवणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला. गोतो यूजो (१४४०–१५१२) हा गोतो घराण्याचा संस्थापक मानला जातो. त्याने शोगुन आशिकागा योशिमासा याच्या आश्रयाने काम केले. त्याच्या वंशजांनी अनेक पिढ्या सत्ताधाऱ्यांसाठी साज घडवला. काळ्या शाकुदोवर सोन्याची उठावदार आकृती ही या घराण्याची ओळख झाली.

एदो काळात (१६०३–१८६८) दीर्घ शांतता नांदली आणि तलवार हे युद्धसाधनापेक्षा सामाजिक दर्जाचे चिन्ह बनले. शहरांतील सधन व्यापाऱ्यांनाही आखूड तलवार बाळगता येत असल्यामुळे साजाची मागणी वाढली. योकोया सोमिन आणि त्सुचिया यासुचिका यांच्यासारख्या कारागिरांनी दरबारी चौकट सोडून दैनंदिन जीवन, निसर्ग आणि लोककथा यांतील विषय धातूवर उतरवले.

२८ मार्च १८७६ रोजी मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यावर बंदी घातली. सैन्य, पोलीस आणि समारंभीय गणवेश यांचा अपवाद करण्यात आला होता. या आदेशाने साज घडवणाऱ्यांचे गिऱ्हाईक जवळजवळ एका दिवसात नाहीसे झाले. अनेक कारागीर फुलदाण्या, डब्या, दागिने आणि निर्यातीच्या शोभेच्या वस्तूंकडे वळले. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) हा त्यांतील सर्वांत नामांकित होय. त्याने नव्या सरकारच्या नाण्यांच्या आकृती कोरल्या आणि पुढे तोक्यो ललित कला विद्यालयात अध्यापन केले. तलवारीसाठी विकसित झालेले कोरीवकाम व मिश्रधातूंचे ज्ञान अशा रीतीने शाळेच्या अभ्यासक्रमात शिरले आणि टिकून राहिले. याच काळात पात्यापासून विलग झालेल्या हजारो त्सुबा युरोप व अमेरिकेतील संग्राहकांकडे गेल्या.

धातू व मिश्रधातू

त्सुबासाठी लोखंड व तांबे, तर हाबाकी आणि सेप्पा यांसाठी मुख्यतः तांबे वापरले जाते. तांबे मऊ असल्याने ते पात्याला इजा न करता त्याच्या आकाराशी जुळते. यांखेरीज जपानी कारागिरांनी काही विशेष मिश्रधातू विकसित केले.

शाकुदो : तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोने मिसळून केलेला मिश्रधातू. रासायनिक प्रक्रियेनंतर तो निळसर झाक असलेला गडद काळा होतो.

शिबुइची : या शब्दाचा अर्थ 'एक चतुर्थांश' असा आहे. तांबे व चांदी यांच्या या मिश्रधातूत चांदीचे प्रमाण नावाप्रमाणे चौथा हिस्सा असले, तरी प्रत्यक्षात ते कमीजास्त आढळते. त्यावर राखाडीच्या विविध छटा येतात.

सेन्तोकु : पितळेच्या जातीचा पिवळसर मिश्रधातू.

शाकुदो व शिबुइची हे धातू तासल्यानंतर सामान्य तांब्यासारखे किंवा फिकट रंगाचेच दिसतात. त्यांचा खरा रंग अखेरच्या रंगप्रक्रियेतच प्रकट होतो. नवशिक्याने मात्र आरंभी साधे तांबे वापरणे इष्ट असते. ते स्वस्त असते, सहज मिळते आणि बिघडल्यास पुन्हा वितळवता येते.

हत्यारे

या कामाची बरीचशी हत्यारे सोनार आणि तांबट यांच्या हत्यारांशी मिळतीजुळती आहेत : लहान ऐरण, निरनिराळ्या वजनांच्या हातोड्या, चिमटे, बारीक पात्याची करवत, चपट्या, त्रिकोणी व गोल कानशी, छिन्न्या आणि ठसे. जपानी कारागीर आपल्या छिन्न्या ('तागाने') पोलादी सळईपासून स्वतःच घडवतो. त्यांना पाणी देणे आणि धार लावणे हा शिक्षणाचा पहिला धडा समजला जातो. कोरताना वस्तू स्थिर राहावी म्हणून ती राळेच्या थरात रुतवतात. राळ तापवली की मऊ होते आणि थंड झाल्यावर वस्तूला घट्ट पकडते. भारतीय सोनारही ठोकीव नक्षीसाठी हीच युक्ती वापरतात.

नवशिक्यासाठी कामाचा क्रम

पूर्ण तलवारीच्या बांधणीत हाबाकी सर्वप्रथम केली जाते, कारण पुढील सर्व भाग तिच्यावर अवलंबून असतात. शिकण्याचा सोयीचा क्रम मात्र वेगळा आहे. प्रथम सेप्पा, नंतर साधी त्सुबा आणि त्यानंतर हाबाकी असा क्रम घेतल्यास कापणे, कानसणे, जुळवणे आणि डाख देणे ही कौशल्ये एकामागून एक आत्मसात होतात. सरावासाठी खऱ्या पात्याची आवश्यकता नसते. नाकागोच्या मापाची, दोन्ही कडांना खाचा पाडलेली पोलादी पट्टी पुरेशी ठरते.

सेप्पा

सुमारे १ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा लालसर तापवून थंड केला की तो मऊ होतो. त्यावर लंबगोल आकार आखून मध्यभागी नाकागोच्या छेदाचा आकार रेखाटतात. आतील आकारात लहान छिद्र पाडून त्यातून करवतीचे पाते घालतात आणि रेषेच्या आतल्या बाजूने कापतात. उरलेला धातू कानशीने थोडाथोडा काढावा लागतो. प्रत्येक वेळी चकती पट्टीवर सरकवून पाहायची, जेथे ती अडते तेथे चकाकणारी खूण उमटते, तेवढ्याच जागी कानस चालवायची, अशी ही पद्धत आहे. घाईने छिद्र मोठे झाल्यास ती सेप्पा टाकून द्यावी लागते. तांब्याची किंमत अल्प असल्यामुळे ही चूक येथेच होणे फायद्याचे असते.

त्सुबा

पहिल्या त्सुबासाठी ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा सपाट तुकडा घेतात. गोल किंवा लंबगोल बाह्यरेषा कापून कडा गोलसर करतात आणि सेप्पाप्रमाणेच मधले छिद्र जुळवतात. जाडी अधिक असल्यामुळे छिद्राच्या भिंती तिरप्या होण्याचा संभव असतो; म्हणून दोन्ही बाजूंनी आळीपाळीने कानस चालवतात.

जुन्या त्सुबांच्या छिद्रात वर व खाली तांब्याचे लहान तुकडे ठोकून बसवलेले दिसतात. त्यांना 'सेकिगाने' म्हणतात. एखादी त्सुबा दुसऱ्या तलवारीवर चढवताना छिद्र सैल पडल्यास कारागीर हे मऊ तुकडे भरून ते नव्या नाकागोशी जुळवीत असे. छिद्राभोवती छिन्नीचे ठोके देऊन धातू आत ढकलण्याची पद्धतही आढळते. एकाच त्सुबाने अनेक तलवारींची सोबत केल्याचा पुरावा अशा खुणांतून मिळतो.

सपाट त्सुबा जमल्यानंतर जाळीकामाकडे ('सुकाशी') वळता येते. यात आकृतीच्या सभोवतालचा धातू करवतीने कापून काढतात. आकृतीचे सर्व भाग कडेशी किंवा मधल्या पट्ट्याशी जोडलेले राहतील अशी आखणी करणे हे यातील मुख्य आव्हान असते.

हाबाकी

हाबाकी हा या तिन्हींतील सर्वांत अवघड भाग होय. तांब्याचा जाड तुकडा ठोकून मध्यभागी जाड व दोन्ही पंखांकडे पातळ करतात आणि पाठीच्या बाजूने दुमडून पात्याच्या छेदाप्रमाणे वळवतात. धारेच्या बाजूस दोन्ही पंखांच्या मध्ये 'माचिगाने' नावाची लहान पाचर बसवतात. धारेकडील खाच या पाचरीवर टेकते, म्हणून तिची जागा अचूक असावी लागते. पाचर तारेने बांधून, टाकणखार लावून, चांदीच्या डाखाने जोडतात.

डाख देताना हाबाकी पात्यापासून पूर्णपणे अलग असली पाहिजे. पात्याची कठीणता विशिष्ट उष्णतासंस्कारातून आलेली असते आणि ज्योतीच्या उष्णतेने ती कायमची नष्ट होते. डाख दिल्यानंतर तांबे मऊ झालेले असते. ते नाकागोवरून वर सरकवून हलक्या ठोक्यांनी पात्याच्या अंगाशी बसवतात. ठोक्यांनी तांबे पुन्हा कठीण होते आणि त्याची पकड वाढते. आतील उंचवटे शोधण्यासाठी शाई किंवा काजळीचा पातळ थर लावून पाहतात. शेवटी बाहेरची बाजू कानसून निमुळती करतात. काही हाबाकींवर 'मांजराचे ओरखडे' या अर्थाच्या 'नेकोगाकी' नावाच्या तिरप्या रेघा काढतात, तर काहींवर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा मढवतात.

अलंकरण

साजाच्या पृष्ठभागावर केल्या जाणाऱ्या कामाचे अनेक प्रकार आहेत. 'नानाको' या प्रकारात पोकळ तोंडाच्या ठशाने माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे ओळीने उठवले जातात. एक ठोका चुकला तरी संपूर्ण ओळ वाकडी दिसते. 'झोगान' म्हणजे एका धातूत दुसरा धातू जडवणे. कोरलेल्या खाचेच्या भिंती आतून किंचित रुंद ठेवून त्यात सोन्याची किंवा चांदीची तार ठोकली की ती अडकून बसते. 'नुनोमे झोगान' या प्रकारात लोखंडाच्या पृष्ठभागावर छिन्नीने कापडाच्या विणीसारख्या बारीक रेघा मारून त्यावर सोन्याचा वर्ख ठोकतात. भारतीय शस्त्रांवरील कोफ्तगिरी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

मेनुकी पातळ पत्र्यापासून बनवतात. पत्रा मागील बाजूने ठोकून उठवायचा आणि पुढील बाजूने तपशील कोरायचा अशी ही पद्धत आहे. पत्रा फाटू नये म्हणून तो वारंवार तापवून मऊ करावा लागतो.

रंग आणणे

तांबे व त्याच्या मिश्रधातूंवर रंग आणण्याच्या प्रक्रियेस 'निइरो' म्हणतात. यात रंग लावला जात नाही. वस्तू 'रोकुशो' हा जंगालवर्गीय क्षार व मोरचूद यांच्या सौम्य द्रावणात उकळली जाते. तत्पूर्वी वस्तू कोळशाच्या पुडीने घासून पूर्णपणे तेलविरहित करतात आणि किसलेल्या पांढऱ्या मुळ्याच्या रसातून काढतात. या रसामुळे रंग सर्वत्र सारखा येण्यास मदत होते. बोटाचा स्पर्श झालेल्या जागी डाग राहतो, म्हणून वस्तू तांब्याच्या तारेला टांगून सतत हलवत ठेवतात. भांडेही तांब्याचे घेतात; लोखंडी भांडे चालत नाही.

या एकाच द्रावणात तांबे लालसर तपकिरी, शाकुदो निळसर काळा आणि शिबुइची राखाडी होतो. सोने मात्र तसेच राहते. त्यामुळे चार धातू जडवलेली वस्तू उकळल्यावर चारही रंग एकाच वेळी उमटतात. शाकुदोचा काळा रंग पृष्ठभागावरील तांब्याच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे आणि त्यातील सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळे येतो. बिदर येथील बिदरीकामातही असेच तत्त्व दिसते. तेथे जस्त व तांब्याचा मिश्रधातू नवसागरयुक्त मातीच्या लेपाने काळा होतो आणि त्यात जडवलेली चांदी पांढरी राहते. दोन्ही कलांचे धातू व रसायने निराळी असली, तरी पाया काळा करून जडावाला उठाव देण्याची दृष्टी समान आहे.

जुन्या वस्तूंची हाताळणी

जुन्या पात्याच्या नाकागोवरील गंज कधीही काढू नये. या गंजाचा रंग व पोत, नाकागोवरील कानशीच्या खुणा आणि घडवणाऱ्याची कोरलेली स्वाक्षरी यांवरून तज्ज्ञ पात्याचा काळ व कर्तृत्व ठरवतात. नवी हाबाकी बसत नाही म्हणून नाकागो कानसला गेल्यास हा पुरावा नष्ट होतो आणि पात्याचे मोलही घटते. जुन्या त्सुबाचे छिद्र मोठे करणे हीही अशीच हानी होय. जुन्या लोखंडी त्सुबांवरील गडद तपकिरी थर हा दोष नसून वर्षानुवर्षांत परिपक्व झालेला संरक्षक थर असतो. आम्ल, तारेचा ब्रश किंवा पॉलिश यांनी तो काढला की त्सुबाचे स्वरूप बिघडते. त्यामुळे सर्व सराव नव्या धातूवर करणे आणि जुने पाते किंवा जुना साज प्रशिक्षित कारागिराकडे सोपवणे हाच योग्य मार्ग समजला जातो.

सुरक्षितता व कायदा

डाख देताना व राळ तापवताना खोलीत हवा खेळती असावी. कॅडमियमयुक्त डाख टाळावा. मोरचूद आणि रोकुशो हे विषारी क्षार असल्याने हातमोजे वापरावेत आणि त्यांसाठी घेतलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये. काही पारंपरिक मिश्रधातूंत आर्सेनिक असते, म्हणून जुने किंवा अनोळखी धातू घरी वितळवणे धोक्याचे आहे. पात्यावर काम करताना धार जाड कापडाने गुंडाळून ठेवतात.

जपानमध्ये तलवारीचे पाते नोंदणीपत्राशिवाय बाळगता येत नाही. भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील नियमांच्या कक्षेत येतात. सरावाची पट्टी बोथट आणि आखूड ठेवल्यास शिकणाऱ्याला हा प्रश्न उद्भवत नाही.

सद्यस्थिती

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानी तलवारींच्या जतनासाठी १९४८ मध्ये तोक्यो येथे एका संस्थेची स्थापना झाली. ती 'निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई' या नावाने ओळखली जाते. पाती व धातुसाज यांचे परीक्षण करणे, प्रमाणपत्रे देणे आणि समकालीन कारागिरांच्या स्पर्धा भरवणे ही तिची कार्ये आहेत. तोक्योतील जपानी तलवार संग्रहालय हीच संस्था चालवते. जपानबाहेर लंडनमधील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, बोस्टनमधील ललित कला संग्रहालय आणि न्यू यॉर्कमधील मेट्रोपॉलिटन संग्रहालय येथे त्सुबा व इतर साजाचे मोठे संग्रह आहेत.

आज नवी पाती मर्यादित संख्येने घडत असली, तरी प्रत्येक नव्या पात्याला हाबाकी लागते आणि जुन्या पात्यांच्या झिजलेल्या हाबाकी बदलाव्या लागतात. त्यामुळे साजातील सर्वांत कमी दिसणारा हा भाग घडवणारा कारागीर अजूनही आवश्यक राहिला आहे. शोभेच्या त्सुबा व मेनुकी स्वतंत्र कलावस्तू म्हणूनही घडवल्या जातात आणि जपानबाहेरील अनेक धातुकलावंत हे तंत्र दागिन्यांसाठी वापरताना दिसतात.